सातव्या पट्टीचं मेण

टप्.

एवढासाच आवाज. पण बाळ नुकतंच झोळीत डोळे मिटून स्थिरावलं होतं, चुलीवरच्या काळ्या घेवड्याची रटरट मंदावली होती, अंगणातला रंधाही जेवणासाठी थांबला होता... त्या शांततेत तो चांगला मोठा वाटला. मी झोळीकडे बघितलं. बाळाने ओठ हलवले आणि ते पुन्हा झोपलं.

खिडकीच्या चौकटीला गेली सात वर्षं चिकटून बसलेली मेणाची काळी गोळी यंदाच्या एप्रिलच्या उन्हाने सैल झाली होती. ती पडली होती.

तेक्लाने माझ्याआधी उचलली. पाच वर्षांच्या मुलीला जमिनीवरचं सगळं आईच्या आधी दिसतं.

"आई, ह्याच्यावर अंगठा आहे!"

"हळू बोल. आहे खरा."

"कुणाचा?"

"तुझ्या पप्पांचा. आता उलटी कर. काय दिसतं?"

तिने गोळी डोळ्यांना अगदी भिडवली. "नख!"

"ते माझं."

तिने एकदा गोळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या शेजारी मांडी घालून बसली. आता उठणार नाही, असं बसली.

"सांग," म्हणाली.

मी बाळाकडे बघितलं. अर्धा तास तरी मिळेल, असं वाटलं.

तर... ती गोष्ट डुकराच्या आतड्यापासून सुरू होते. कुणाची चांदण्यापासून होते, कुणाची पत्रापासून. आपली ही अशी.

सान बेर्नाबेचा गुरुवारचा बाजार. मे महिन्याचे शेवटचे दिवस, डोंगरावरून धुकं उतरून भाज्यांच्या ढिगांवर बसलेलं. मी हासिंताबाईच्या मांसाच्या फळकुटापुढे गेले आणि नेहमीसारखी म्हणाले, "हासिंताबाई, माझं ते पातळ आतडं ठेवलंय ना?"

आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या कानाशी एक आवाज आला, "बाई, ते पातळ आतडं मला द्या हं."

मी वळून बघितलं. उंच होता. अंगावर लाकडाचा भुसा. खांद्यावर, बाह्यांवर, अगदी भिवयांतसुद्धा. चर्चची नवी बाकं करायला वेवेतेनांगोहून सुतार आलाय, असं ऐकलं होतं. हाच असणार.

"ते माझं आहे," मी म्हटलं.

"असं? नाव लिहिलंय त्याच्यावर?"

"गेली आठ वर्षं मीच नेते."

"आठ वर्षं!" त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जणू एवढी आतडी कुठे गेली असतील ते शोधत होता. "मग यंदा एक आतडं दुसऱ्याच्या पोटात जाऊ द्या की."

"मी खायला नेत नाही!"

"मीही नाही."

हासिंताबाईने सुरी खाली ठेवली, कमरेवर हात घेतले. "डुक्कर एक, आतडं एक. तुम्ही भांडा. मी आहे इथेच."

"तुम्हाला कशाला हवंय?" मी विचारलं.

"मारिंबाला."

आमच्या गावात मारिंबा एकच. "कुणाच्या मारिंबाला?"

"इलारियोमास्तरांच्या," तो म्हणाला. आणि मग थोडं ताठ होऊन, "आजपासून मधल्या जागेवर मी उभा राहतोय."

बाजार चालूच होता. कुणी कांद्याचा भाव करत होतं, कुणाचं तरी कोंबडं ओरडत होतं. मला मात्र एकदम काहीच ऐकू येईना.

"ते माझे बाबा आहेत," मी म्हणाले.

त्याने घाईघाईने टोपी काढली. टोपीतला भुसा सरळ आतड्यावर पडला. "अरे देवा," तो म्हणाला, "माफ करा... मी फेर्मिन."

हासिंताबाई इतकी हसली की तिने आतडं फुकट दिलं. निम्मं त्याच्या हातात, निम्मं माझ्या. तसेच आम्ही घरी आलो. एका आतड्याची दोन टोकं धरून.

मधली जागा म्हणजे काय, ते तुला माहीत आहे तेक्ला, तू त्याच जागेखाली बसून मोठी झालीस. पण तेव्हा ती जागा रिकामी होती. आमची मारिंबा जुनी, लाकडी पट्ट्यांच्या एकाच ओळीची. तिच्यापुढे तिघं उभे राहतात, खांद्याला खांदा लावून. वरचे सूर चेमाकाकाचे. खालचे बाबांचे. आणि मधे माझा भाऊ नोए. मधल्याला दोन्हीकडून कोपरं लागतात. वरचा धावत असतो, खालचा चालत असतो, आणि त्या दोघांचे हात मधल्याने धरायचे असतात. तो सुटला की सगळं सुटतं.

फेब्रुवारीत नोए कामाच्या शोधात सीमेपलीकडे उत्तरेला गेला. सगळे जातात तसा. जाताना त्याने आपल्या दोन टिपऱ्या मारिंबावर आडव्या ठेवल्या, आणि त्या तशाच होत्या. बाबा रोज संध्याकाळी त्यांच्यावरची धूळ पुसायचे, पण उचलायचे नाहीत.

आणि मी... मी वाट बघत होते. हे कुणालाही सांगितलं नव्हतं. आमच्या घरात बायका मारिंबाचं सगळं करत. आतडं खरवडून त्याचा पापुद्रा काढणं, सुकवणं, रानमधमाश्यांचं काळं मेण वितळवणं, प्रत्येक पट्टीखालच्या लाकडी नळीच्या भोकावर मेणाचं कडं करून त्यावर पापुद्रा ताणून बसवणं. त्या पापुद्र्यामुळेच तर मारिंबाला तिची जवारी येते. पट्टीवर टिपरी पडते तेव्हा आधी लाकूड बोलतं, आणि मागोमाग ती गुणगुण उठते... गाणाऱ्याच्या घशात मधमाशी अडकावी तशी. पापुद्रा नसेल तर मारिंबा म्हणजे नुसतं लाकूड, असं बाबा म्हणायचे. ती मधमाशी आठ वर्षं मी बसवत होते. पण मारिंबापुढे आमच्याकडची कुठलीच बाई कधी उभी राहिली नव्हती. बाबांनी मला नाही म्हटलं होतं का? नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती.

मधल्या जागेची प्रत्येक चाल मला पाठ होती. पीठ मळायच्या फळकुटाच्या उलट्या बाजूला मी कोळशाने पट्ट्या आखल्या होत्या, बावीस. घरात कुणी नसलं की फळकूट उलटं करायचं, आणि दोन लाटण्याएवढ्या काटक्यांनी वाजवायचं. आवाज ठक्-ठक्. पण माझ्या डोक्यात पूर्ण मारिंबा वाजायची, जवारीसकट.

आणि आता त्या जागेवर भुसा उडवणारा हा.

सणाला दोन आठवडे होते. अकरा जूनला संत बेर्नाबेची पालखी निघते, आणि तिच्यापुढे आमच्या घरची मारिंबा वाजते. आजोबांच्या वडलांपासून. संताच्या मंडळाचे वडीलधारे, तात दामासो, त्या आठवड्यात आमच्या दारात येऊन काठी टेकून उभे राहिले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असे की कुठल्या घरात कुठलं भांडं पडलं ते सांगतील.

"इलारियो," ते म्हणाले, "पोरगा गेला त्याचं वाईट वाटलं. पण संताला रडगाणं चालत नाही. यंदा जमलं नाही, तर पुढच्या वर्षी खालच्या गावची मारिंबा बोलवू. राग मानू नकोस."

"जमेल," बाबा म्हणाले. बाबा एका वेळी एकच शब्द बोलतात.

जमत मात्र नव्हतं. फेर्मिनचे हात चांगले होते, खोटं कशाला बोलू. मनगटं मऊ, टिपरी पट्टीवर पडायची ती पान पडावं तशी. पण तो शहरातल्या दोन ओळींच्या मारिंबावर शिकलेला. तिथे कोमल सुरांच्या पट्ट्या वेगळ्या, वरच्या ओळीत. आमच्याकडे एकच ओळ. मग संताच्या गाण्यातला तो एक कोमल सूर आणायचा कुठून? तर मधल्याच्या सातव्या पट्टीच्या टोकाला खालून मेणाची गोळी चिकटवायची. पट्टी जड होते, सूर अर्ध्या पायरीने उतरतो, आणि गाणं एकदम आर्जवी होतं. गाणं संपलं की गोळी काढायची. पुढचा असतो म्हाताऱ्यांचा नाच, त्यात तो सूर पूर्ण चढा हवा. नोए एका तालात, बघता बघता, अंगठ्याच्या नखाने ती उडवायचा.

फेर्मिन विसरायचा. रोज विसरायचा. आणि मग म्हाताऱ्यांचा तो उड्या मारणारा नाच असा काही वाजायचा की चेमाकाका टिपऱ्या खाली ठेवून छातीवर क्रूस काढायचा. "कोण गेलं?" विचारायचा. "कुणाची मयत आहे, मला कळवलं नाही ते?"

बाबा मात्र नुसते पुन्हा सुरू करायचे.

मी स्वयंपाकघरात, भिंतीपलीकडे. मका वाटता वाटता मी वरवंट्याने त्याची चूक दाखवायला लागले, आपोआपच. तो चुकला की माझा वरवंटा थांबायचा. बरोबर आला की पुन्हा सुरू.

तिसऱ्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. "पाणी मिळेल?"

दिलं.

पेला तोंडाला लावून, दाराकडे पाठ करून, अगदी हळू त्याने विचारलं, "कुठे चुकलो?"

"मला काय माहीत? मी मका वाटतेय."

"तुमचा वरवंटा तीनदा थांबला."

मी खाली बघितलं. "दुसऱ्या वळणावर डावा हात लवकर जातो," मी मक्याला सांगितलं. "बाबांच्या सुराची वाट बघत नाही तुम्ही. त्याला ऐका, मोजू नका."

पाच मिनिटांनी तो पुन्हा आला. "पाणी?"

त्या दिवशी तो सात पेले पाणी प्यायला. चेमाकाका बाहेरून ओरडला, "अरे सुतारा, वेवेतेनांगोत दुष्काळ पडलाय का?"

"तुमचं गाव उंचावर आहे काका, घसा सुकतो."

"घसाच ना? बरं बरं."

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी पेला भरूनच ठेवायला लागले. आणि तो... तो सुधारायला लागला. सातव्या दिवशी मेण काढायला विसरला नाही. आठव्या दिवशीही नाही. बाबांनी मान हलवली. एकदाच, पण हलवली. मला आनंद व्हायला हवा होता. मी शिकवलं होतं ना! पण त्या संध्याकाळी मी पेला भरला नाही. तो दारात आला, रिकाम्या पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि काका मक्याच्या शेतात गेले होते, आई नदीवर. मी फळकूट उलटं केलं आणि वाजवत बसले. संताचं गाणं. डोळे मिटून. ठक् ठक् ठक्... आणि सातव्या पट्टीशी आल्यावर काल्पनिक मेण नखाने उडवलं, आणि सरळ म्हाताऱ्यांच्या नाचात शिरले.

डोळे उघडले तर तो दारात. हातात टोपी. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. केसांवर पावसाचे थेंब होते, आणि पाऊस तर मघाशीच थांबला होता.

"पाणी हवंय?" मी चटकन फळकूट सुलटं केलं.

"नको."

"मग?"

"बाहेर या."

"कशाला?"

"या तर."

त्याने मारिंबावरचं कापड काढलं. नोएच्या टिपऱ्या उचलून माझ्यापुढे धरल्या. मी हात मागे घेतले.

"मास्तर शेतात आहेत," तो म्हणाला. "मी चर्चमध्ये आहे, बाकाला रंधा मारतोय. इथे कुणीच नाही."

मी टिपऱ्या घेतल्या. हलक्या होत्या, माझ्या काटक्यांहून कितीतरी हलक्या, आणि टोकाला रबराची गोळी. मी मधल्या जागेवर उभी राहिले. पहिला सूर लावला आणि माझेच डोळे भरून आले. आठ वर्षं मी हिला नवा घसा देत आले होते, आणि तो आज पहिल्यांदा माझ्याशी बोलत होता. फळकुटावर मी सगळं ऐकलं होतं, पण हे नाही — ओर्मिगोच्या लाकडाचा हा कंप, तळव्यातून मनगटात, मनगटातून छातीत चढणारा. बाबांचे सूर नव्हते, काकाचे नव्हते. नुसतं मधलं. तरी ते गाणं होतं.

संपलं तेव्हा फेर्मिन अंगणाच्या जमिनीवर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून.

"ही जागा तुझी आहे," तो म्हणाला.

'तुझी' म्हणाला. पहिल्यांदाच. ते दोघांनाही ऐकू आलं, आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

"असू दे," मी म्हटलं. "कुणाला सांगू नकोस."

"का?"

"बस. नको सांगूस. बाबांना नाही, काकांना नाही, कुणालाच नाही. शपथ घे."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. भिवयांतला भुसा तसाच होता, आणि तो पुसायला माझा हात जवळजवळ पुढे गेला होता... जवळजवळ.

"एक शब्द बोलणार नाही," तो म्हणाला. "संत बेर्नाबेची शपथ."

आणि बोलला नाही. शेवटपर्यंत नाही बोलला.

अकरा जूनला पहाटेपासून धुकं. चर्चच्या पटांगणात मारिंबा मांडलेली, तिच्यावर पाइनच्या डहाळ्या, जमिनीवर पाइनच्या काड्यांचा हिरवा गालिचा. गार वारा असा की वाजवणारे बोटं काखेत धरून उभे. मी बायकांबरोबर मक्याचं गरम आतोल वाटत होते, कपावर कप. बोटं पोळत होती.

फेर्मिनने खिशातून मेण काढलं, अंगठ्यात मळलं, आणि सातव्या पट्टीखाली लावलं. मी चार पावलांवर होते. लावताना त्याने अंगठा जरा जास्तच वेळ दाबून धरला, असं मला वाटलं. मग टिपऱ्या उचलल्या आणि मान वळवून बायकांमध्ये कुणाला तरी शोधलं. मी आतोलाच्या मडक्यात बघत राहिले.

संताचं गाणं सुरेख झालं. अगदी सुरेख. उतरलेला तो एक सूर आला आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईने डोळे टिपले. पालखी उंबऱ्याबाहेर आली, आकाशात दोन बाण फुटले, आणि बाबांनी म्हाताऱ्यांच्या नाचाचा ठेका धरला.

पहिल्या वळणावर सातवी पट्टी रडली.

मेण तसंच होतं.

नाचायला उभे राहिलेले म्हातारे गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. तात दामासोंची मान ताडकन वर झाली. चेमाकाकाने फेर्मिनला कोपर मारलं. आणि फेर्मिन? फेर्मिन वाजवत राहिला. मान खाली, दोन्ही हात कामात. दुसरं वळण... पुन्हा तो रडका सूर. बाबांचा चेहरा दगडासारखा झाला. आमच्या घराची चार पिढ्यांची जागा त्या एका मेणाच्या गोळीवर लटकली होती, आणि ती गोळी काढायला कुणी हात पुढे करत नव्हतं.

मी कधी मडकं ठेवलं, मला आठवत नाही. मी बायकांमधून बाहेर पडले, चालत गेले, काका आणि फेर्मिन यांच्या मधून वाकले आणि पट्टीखाली हात घातला. मेण गारठून खडा झालं होतं. नोएचं नखसुद्धा घसरलं असतं. पण माझी बोटं आतोलाच्या कपांनी भाजलेली होती. मी ती क्षणभर मेणावर धरली, आणि मग नख. सुटलं.

मी सरळ उभी राहिले. निघायला वळले, तर वाट नव्हती. फेर्मिन एक पाऊल मागे सरकला होता, आणि त्याच्या दोन्ही टिपऱ्या माझ्या समोर होत्या.

"धर," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "घसा सुकलाय. पाणी पिऊन येतो."

आणि गेला!

मधली जागा रिकामी. संपूर्ण गाव बघतंय. बाबांचा ठेका चालू... बाबांनी माझ्याकडे बघितलं. एका मारिंबावर वाजवणारी माणसं एकमेकांकडे बघतात, तसं. त्यांनी थांबवलं असतं तर तिथेच संपलं असतं. त्यांनी थांबवलं नाही. तोच ठेका त्यांनी आणखी एकदा फिरवला, अगदी सावकाश, दार उघडं धरावं तसा.

मी आत शिरले.

काय वाजवलं, कसं वाजवलं, ते विचारू नकोस. काकाचं कोपर उजवीकडून लागत होतं, बाबांचं डावीकडून, आणि त्या दोघांचे हात मी धरले होते. सातवी पट्टी आता खणखणीत चढी. म्हातारे नाचत होते. धुकं कधी उठलं, ते कुणालाच कळलं नाही.

नाच संपल्यावर तात दामासो काठी टेकत मारिंबापाशी आले. त्यांनी चेहरा आमच्या दिशेला केला, पांढरे डोळे आमच्या डोक्यांवरून पलीकडे.

"इलारियो," म्हणाले, "नोए परत आला वाटतं? आधीचा कोण होता तो काही खरा नव्हता. पण हा आपला नोए. अगदी ओळखला मी."

चेमाकाका खोकला. मी टिपऱ्या पाठीमागे लपवल्या, जसं काही त्यांना दिसणारच होतं.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "नोए नाही, तात. ही ओदिलिया. माझी मुलगी."

बाबांच्या मानाने ते भाषण होतं. तात दामासोंनी मान डोलावली. मग नुसतं म्हणाले, "असं होय... पुढच्या वर्षी हिला गारठा नको. हिच्या हाताजवळ शेगडी ठेवा."

आणि बाबा टिपऱ्या पुसता पुसता माझ्यासाठी म्हणाले, "डावा हात कच्चा आहे. उद्या सकाळी सहाला."

फेर्मिन चर्चच्या मागे, त्याच्या नव्या बाकांपैकी एकावर बसला होता, आत न्यायचं राहिलेल्या शेवटच्या बाकावर. हातात आतोलाचा कप. मी समोर जाऊन मूठ उघडली. तळव्यावर मेणाची गोळी.

"हे काय?" मी म्हटलं.

"मेण."

"ते दिसतंय. विसरलास?"

"विसरलो."

"सातव्या दिवसापासून एकदाही विसरला नव्हतास."

"गारठा होता. गावची एवढी माणसं. माणूस घाबरतो." त्याने कप तोंडाला लावला. कपाच्या कडेवरून डोळे हसत होते का? वाफ होती, नीट दिसलं नाही. "एक शब्दसुद्धा बोललो नाही बरं का मी. शपथ होती."

"तात दामासो म्हणाले, आधीचा काही खरा नव्हता."

"ऐकलं. अख्ख्या गावाने ऐकलं."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. सात-सात पेले पाणी प्यायलो होतो मी त्यासाठी."

मी हसले. मग हसू ओसरलं, कारण तो बाकावरून हात फिरवत होता, निरोप घेतल्यासारखा.

"हे शेवटचं बाक," तो म्हणाला. "काम संपलं. उद्याची गाडी आहे."

"...बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं."

"खालचे सूर मास्तरांचे," तो बोटांवर मोजायला लागला, "वरचे काकांचे, मधले तुझे. मी कुठे उभा राहू? सांग ना. जागाच नाही."

त्याच्या भिवयांत भुसा होता. ह्या वेळी माझा हात थांबला नाही. मी अंगठ्याने तो पुसला, आधी उजव्या भिवईवरचा, मग डाव्या. तो हलला नाही.

"चौघांची मारिंबा असते ना शहरात?" मी म्हटलं.

"असते. दोन ओळींची. मेण लागत नाही तिला."

"मेणाचं बघू. सुताराला करता येते का?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "येते. पण ओर्मिगोचं लाकूड लागतं. आणि ते वाळावं लागतं, सावलीत. घाई केली की सूर फाटतो."

"किती दिवस?"

"दिवस नाही. तीन वर्षं."

"म्हणजे तीन वर्षं कुणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं," मी म्हटलं. "इथेच राहून."

"कमीत कमी," फेर्मिन म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "जास्तही लागू शकतात, ओदिलिया. मी सावकाश काम करतो."

दुसऱ्या दिवशीची गाडी त्याच्याशिवाय गेली. लाकूड वाळायची वाट मात्र आम्ही काही बघितली नाही. पुढच्या सणाच्या आधीच लग्न झालं. आणि ती मेणाची गोळी मी ह्या खिडकीला चिकटवली, एका बाजूला त्याचा अंगठा, दुसऱ्या बाजूला माझं नख. सात वर्षांत मी त्याला कितीदा विचारलं असेल. कधी म्हणतो विसरलो होतो, कधी म्हणतो विसरेन कसा, कधी म्हणतो घसा फार सुकला होता. मी गोळी उजेडात धरून बघते. अंगठा खोल आहे. भीतीने दाबलेला अंगठाही एवढाच खोल जातो, आणि मनात काही ठरवून दाबलेलाही.

तेक्ला ऐकता ऐकता मेण हातात मळायला लागली होती. मी पटकन काढून घेतलं. बाळाने झोळीत एक पाय बाहेर काढला होता. अंगणात रंधा पुन्हा सुरू झाला, सर्र... सर्र... चौथ्या माणसाच्या पट्ट्यांवर.

"म्हणजे पप्पा विसरलेच नव्हते," तेक्ला म्हणाली.

"ते तू त्यांनाच विचार. मला तर रोज नवं सांगतात."

"विचारीन." ती थोडा वेळ रंधा ऐकत राहिली. मग कपाळाला आठी घालून, आजोबांसारखी, माझ्याकडे वळली.

"पण आई... आजोबांनी तुला कधी नाही म्हटलं नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग तूच का नाही विचारलंस?"